क्रिलिन चौथा आहे आणि तो तिथंच राहील

गेल्या रविवारी गंगाखेडजवळ आमच्या गावाकडं हुरड्याला गेलो होतो. आगटीभोवती आम्ही सहा जण. हातावर चोळलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आणि बोलणं चाललेलं ड्रॅगन बॉल फायटर्झ या मारामारीच्या व्हिडिओ गेमवर. मावसभावानं मोबाइलवर एक टियर लिस्ट, म्हणजे कोणतं पात्र किती भारी याची उतरंड, काढली आणि सगळ्यांना दाखवत फिरला. वर एस टियरला, म्हणजे पहिल्या ओळीत, सुपर सायन फोर गोगेटा, लॅब कोटवाली अँड्रॉइड २१, अल्ट्रा इन्स्टिंक्ट गोकू. एकदम खाली, शेवटच्या ओळीत, क्रिलिन.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षं क्रिलिन खेळतो. त्यानं कणीस आगटीत ठेवलं आणि एवढंच विचारलं, "ही लिस्ट कुणी खेळून केली, का बघून केली?"

"सगळे हेच म्हणायलेत," मावसभाऊ म्हणाला. "क्रिलिनला कोण घ्यायलंय सांग बरं?"

तेव्हा मी गप्प बसलो, कारण मोठा आहे आणि दोघंही माझेच. पण आठवडाभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रॅगन बॉल या जपानी अनिमेतल्या पात्रांचा हा गेम. २०१८ च्या जानेवारीत आला. जपानच्या आर्क सिस्टिम वर्क्सनं बनवला, बंदाई नामकोनं काढला. सुरुवातीची २४ पात्रं, पुढं सीझनमागून सीझन भर पडत २०२२ मध्ये ४४ झाली. त्यातून तुम्ही तीन निवडायची. एक मैदानात, दोन बाहेर. बाहेरचे दोघे बटण दाबलं की क्षणभर आत येतात, आपला एक वार करतात आणि जातात. त्याला असिस्ट म्हणतात. मार खाऊन गेलेलं पण परत मिळू शकणारं लाईफ निळं दिसतं, आणि जो बाहेर आहे त्याचं ते हळूहळू भरत राहतं. मोठे डाव टाकायला लागणारे शक्तीचे बार जास्तीत जास्त सात, आणि ते तिघांत मिळून एकच. मेलेला भिडू असिस्टला येत नाही, त्यामुळं शेवटी जो उरतो तो खरोखर एकटा असतो.

आता सांगा, तिघांचं लाईफ वेगळं पण बार एक, वार एकाचा पण त्याला जागा करून देणारे दोघे, अशा गेमात एकेका पात्राला उचलून नंबर कसा द्यायचा?

आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. लहानपणापासून आम्ही रात्रीच्या कीर्तनाला मागच्या रांगेत टाळ घेऊन उभे राहिलेलो आहोत. कीर्तनकार महाराज कितीही मोठे असोत, दोन तास सलग कुणी बोलू शकत नाही. ओवी टिपेला गेली की महाराज थांबतात आणि तेवढ्यात गायक चाल उचलतात, मृदंग वाढतो, टाळकरी पुढं सरकतात. त्या अर्ध्या मिनिटात महाराज श्वास घेतात, पुढचा दृष्टांत डोक्यात लावतात. ऐकणाऱ्याला कुठं खंड पडला हे कळत नाही. एका वर्षी आमच्याकडं लई नाव असलेले महाराज आले होते आणि त्याच दिवशी गायकाचा घसा बसला. महाराज तेच होते, विषयही त्यांचा नेहमीचा, पण कीर्तन उभंच राहिना. प्रत्येक थांब्याला मंडपात शांतता पडायची आणि महाराज घाईघाईनं पुढचं वाक्य उचलायचे.

फायटर्झमध्ये नेमकं हेच आहे. तुम्ही मारत सुटता, समोरचा ब्लॉक करतो. तुमची सलग वारांची मालिका, म्हणजे कॉम्बो, कुठंतरी संपतेच, आणि संपला त्या क्षणी वेळ त्याची. तेवढ्यात तुम्ही सुपर सायन वेजिटाला हाक मारता. तो येऊन हातातून गोळ्यांचा मारा सुरू करतो. समोरच्याला त्या सगळ्या गोळ्या अडवत बसावं लागतं आणि तुम्ही श्वास घेऊन परत अंगावर जाता. वर, खाली, उडी, पकड, काय करायचं ते निवडायला तुम्हाला वेळ मिळालेला असतो.

म्हणून माझ्या लिस्टमध्ये पहिला सुपर सायन वेजिटा. मावसभाऊ म्हणेल, मैदानात तो किती साधा आहे. आहे, मान्य. पण मी कोणत्याही दोघांबरोबर त्याला टाकला तर ते दोघे चांगले होतात. अनिमेत ज्या माणसाला कुणाची मदत घ्यायची म्हटलं की कमीपणा वाटतो, तो या गेमात सगळ्यांत मोठा मदतनीस ठरला, हे मला फार आवडतं.

दुसरी अँड्रॉइड १८. तिचा बॅरिअर असिस्ट ज्यानं कोपऱ्यात मार खाल्लाय त्यालाच कळेल. समोरचा अंगावर तुटून पडलाय आणि मध्ये कवचात ती उभी राहते. वाचवायलाही तीच आणि दाबून धरायलाही तीच. आणि ती स्वतः मैदानात असली तर तिच्या मदतीला तिचा जुळा भाऊ अँड्रॉइड १७ येतो, तो वेगळाच.

तिसरा अँड्रॉइड १६. याच्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. २०१८ च्या ईव्होला, म्हणजे अशा गेमांच्या मोठ्या स्पर्धेला, लास व्हेगासला, फायनलमध्ये अमेरिकेचे खेळाडू सॉनिकफॉक्स जपानच्या गो१ ला हरवून जिंकले. त्यांच्या टीममध्ये बारडॉक, फ्यूज्ड झमासू आणि हा १६ होता. पुढच्या वर्षी गो१ यांनी त्याची परतफेड केली. आम्ही ते सामने परभणीच्या खोलीत एका लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलेत. बारडॉकचं तेव्हा सगळीकडं नाव झालं, पुढं अपडेटमध्ये त्याची धार कमी केली गेली. १६ मात्र आमच्याकडं राहिला. अंगानं थोराड, पण एकदा जवळ गेला की सोडत नाही. आणि त्याचा तो शेवटचा डाव. समोरच्याला मिठी मारून स्वतःला उडवून देतो. लागला तर समोरचं पात्र तिथंच संपतं, आणि १६ चं लाईफ एका थेंबावर येतं. हा डाव टाकणारा माणूस पुढच्या भिडूचा विचार करूनच टाकतो. मी गेलो तरी चालेल, तुझ्यासमोरचा एक कमी करून जातो. अनिमेत सेल या खलनायकाला धरून तो हेच करायला गेला होता आणि तिथं त्याच्या अंगातला बॉम्ब आधीच काढून टाकलेला होता. गेम बनवणाऱ्यांनी त्याला ती संधी परत दिली. पहिल्यांदा तो डाव लागला तेव्हा आमच्या खोलीत कुणी ओरडलं नाही. सगळे गप्प बसून बघत होते.

आणि चौथा क्रिलिन.

इथं मला माहीत आहे काय काय ऐकावं लागणार आहे. हात आखूड, पल्ला कमी, मार कमी. सगळं खरं. एकट्याला उभा केला तर तो या ४४ जणांत तळाच्या दहात जाईल. पण तो सेंझू बीन, म्हणजे अनिमेतला जखमा भरून काढणारा दाणा, फेकतो. बाहेर बसलेल्या भिडूचं पडलेलं लाईफ त्यानं भरून येतं. माझा भाऊ त्याला मधल्या जागेवर ठेवतो. पुढचा गडी मार खाऊन निळा झाला की आत क्रिलिन येतो, तेवढा वेळ खाली वाकून, पळून, अडवून काढतो, सावली सोडून गायब होतो आणि एक बीन टाकतो. मग पहिला गडी परत ताजा होऊन उभा. समोरच्याला वाटतं आपण एकाला अर्धा मारला होता, आणि तो पुन्हा पूर्ण.

मी आणि भाऊ ड्रॅगन बॉल कार्टून नेटवर्कवर हिंदीतून बघून मोठे झालो. तेव्हा संध्याकाळी लोडशेडिंग असायचं. नामेक ग्रहावर फ्रिझा हा खलनायक क्रिलिनला हवेत उचलतो, क्रिलिन आपला मित्र गोकूच्या नावानं ओरडतो आणि तो स्फोट होतो, तो भाग आम्ही बघत असतानाच लाईट गेली. त्यानंतर रागानं गोकू पहिल्यांदा सुपर सायन, म्हणजे सोनेरी केसांचं त्याचं जास्त ताकदीचं रूप, होतो हे आम्हाला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. भाऊ तेव्हा दुसरीत होता. सगळी पोरं सोनेरी केसांबद्दल बोलत होती आणि हा घरी येऊन विचारत होता, "दादा, पण क्रिलिन मेला का खरंच?" ज्याच्या मरणावर सुपर सायन उभा आहे त्याला शेवटच्या ओळीत टाकलेलं मला बघवत नाही. पण तेवढ्यासाठी मी त्याला चौथा देत नाहीये. पुढचं वाचा.

हुरड्यानंतर रात्री दोघं बसले. आधी दहा जिंकेल तो. मावसभावाची टीम लिस्टमधली वरची तीन: गोगेटा, २१, अल्ट्रा इन्स्टिंक्ट गोकू. भावाची: टीन गोहान, क्रिलिन, अँड्रॉइड १८. पहिले चार सामने मावसभावानं सरळ घेतले. गोगेटाचा मार खरंच भयंकर आहे, एकदा सापडलं की निम्मं लाईफ जातं. पाचव्या सामन्यापासून भावानं बदल केला. गोहान मार खाल्ला की लगेच बाहेर, क्रिलिन आत, १८ चं कवच, बीन, परत गोहान. मावसभावाचे तिघे प्रत्येक जण पुढं उभं राहूनच लढणारे. एक पडला की दुसरा येतो, पण पहिला असताना दुसऱ्याचा उपयोग त्यानं फारसा केलाच नाही. असिस्टची हाक मी मोजत होतो. एका सामन्यात त्यानं फक्त तीनदा बटण दाबलं. शेवटी १० विरुद्ध ८. मावसभाऊ जिंकला.

हो, जिंकला तोच. लपवण्यासारखं काही नाही. पण ०-४ वरून भाऊ ८ पर्यंत आला तो त्या टीममुळं, ज्यातला एक सगळ्यांच्या लिस्टमध्ये शेवटी आहे. त्या गोगेटासमोर मी माझी नेहमीची टीम घेऊन खेळलो असतो तर पाचच्या वर गेलो नसतो.

बाकीच्यांबद्दल भराभर सांगतो. पाचवा पिकोलो, त्याच्या पाठलाग करणाऱ्या गोळ्यांसाठी. सहावा सुपर सायन गोकू, कारण हातातून सुटून सरळ जाणाऱ्या ऊर्जेच्या झोताचा, कामेहामेहाचा, असिस्ट कधीच वाया जात नाही. गंमत बघा, ४४ पात्रांत एकट्या गोकूचे पाच अवतार आहेत, सुपर सायन, ब्ल्यू, साधा, ड्रॅगन बॉल जीटी या मालिकेतला छोटा आणि अल्ट्रा इन्स्टिंक्ट. आणि मला त्यातला जुना, कमी चकचकीत असलेलाच लागतो. सातवी लॅब कोटवाली २१. तिला याहून खाली नेणं अन्याय होईल, ती एकटीच अर्धी टीम आहे. आठवा गोगेटा. नववा अल्ट्रा इन्स्टिंक्ट गोकू. दहावा टियन, ज्याच्या किकोहो नावाच्या डावात प्रत्येक वाराला स्वतःचं लाईफ जातं, आणि तरी मी तो वापरतो.

अकरावा मी एकटा पडलेल्या माणसासाठी ठेवलाय, प्रौढ गोहान. दोन्ही भिडू गेले, असिस्ट नाही, बार मात्र साठलेले. तेव्हा तो बार खर्चून अंगातली झोपलेली ताकद जागी करतो. त्यात स्पार्किंग, म्हणजे सामन्यात एकदाच मिळणारा ताकदीचा जोर, शिल्लक असेल तर आणखीच बरं, कारण जितके कमी गडी उरलेत तितकं स्पार्किंग जास्त वेळ टिकतं. अँकर, म्हणजे शेवटी उरणारा गडी, म्हणून मला तोच हवा. इतर जागी तो मला तितका पटत नाही, म्हणून अकरावा.

नप्पा, गिन्यू यांना मी नंबर देत नाही. नप्पा जमिनीत सायबामन नावाचे छोटे राक्षस पेरतो, गिन्यू आपली सगळी टोळी बोलावतो, ती पात्रं स्वतःच एक टीम आहेत. त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागेल.

एक गोष्ट राहिली. बाहेरच्या लिस्ट आपल्याकडं जशाच्या तशा लागू होत नाहीत याला अजून एक कारण आहे. कितीतरी वर्षं आम्ही परभणीतून ऑनलाइन खेळायचो तेव्हा बटण दाबलं आणि पात्र हललं यात अंतर पडायचं. हे अंतर जाणवू न देणारं तंत्र, रोलबॅक, आलं ते २०२४ मध्ये, तेही पीएस फाइव्ह, नवा एक्सबॉक्स आणि पीसीवर. त्याआधी ज्या पात्राचा डाव नेमक्या क्षणी बटण दाबण्यावर होता ते आमच्यासाठी बिनकामाचं होतं. ज्याचा असिस्ट आधीच सोडून ठेवता येतो ते सोनं. त्या लॅगमध्ये आमची सवय घडली आणि ती सवय मला आजही बरोबर वाटते. शिवाय २०२० च्या तिसऱ्या सीझनपासून प्रत्येक पात्राला तीन वेगवेगळे असिस्ट आले. म्हणजे बाहेर बसलेल्याचं काम गेमनंच तिप्पट मोठं केलं. तरी लिस्ट करणारे अजून पुढं उभ्या असलेल्याचाच मार मोजायलेत.

काल मावसभावाचा फोन आला. वेजिटाचा असिस्ट कोणता लावायचा म्हणून विचारत होता. मी म्हणलं, "गोळ्यांचा लाव, आणि गोगेटाच्या मागं ठेव." तो म्हणाला, "पण क्रिलिन शेवटीच आहे दादा." मी म्हणलं, चौथा.

संक्रांतीला तो परभणीला येणार आहे. त्याची नवी टीम आणि भावाची जुनीच, परत आधी दहा.