पद्मिनीला रंग का दिला नाही: ताईंच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार पूर्ण वाचली. वडिलांच्या १९७५च्या प्रीमियर पद्मिनी (फियाट) गाडीला गणपतीआधी रंग हवा होता. आम्ही गॅरेजमध्ये बॉडी खरडली, मजुरी घेतली आणि रंग न देताच गाडी परत पाठवली. वर ‘इंजिन इतक्यात बसवू नका’ असंही सांगितलं, म्हणजे घरी काम करणाऱ्यांना इथे किंमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. रंग मीच नाकारला. गाडी उद्या याच अवस्थेत परत आली तरी नाकारीन. का, ते सविस्तर लिहितो, कारण घराखाली जुनी फियाट उघडून बसलेले आणखीही लोक हे वाचतील.

डाव्या दाराखालची पेटी, म्हणजे दाराखालून लांबीत जाणारा पोकळ पत्रा, बाहेरून गुळगुळीत होती, पण लोहचुंबक तिथे धरेना. खरडल्यावर पुट्टीचा जाड थर निघाला आणि त्यामागे पत्राच उरला नव्हता. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दारात उतरतं आणि दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. मागे कुणीतरी रंग देताना ती भोकं पुट्टीने बुजवली होती. पाणी आत साठलं, दाराचा तळ गंजला, तिथून खालची पेटी आणि पायाखालचा पत्राही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत अशा जागचा गंज उन्हाळ्यातही थांबत नाही.

जुन्या जीपला वेगळी चेसिस असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. पद्मिनीचं तसं नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि दाराखालच्या दोन्ही पेट्या पुढचा-मागचा भार पेलतात. तुमची गाडी जॅकवर घेतली तेव्हा डाव्या दाराची फट वरच्या बाजूला बदलली. हे मी तुम्हाला उभं राहून दाखवलं होतं. या पेटीवर नवी पुट्टी आणि वर चकचकीत रंग दिला असता, तर गणपतीत गाडी सुंदर दिसली असती. त्या गाडीत तुम्ही आईला बसवून नेणार होता. अशा गाडीला मी रंग देत नाही.

इंजिनाचंही त्यामुळेच. पेटी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल वेल्ड करून ती जखडावी लागते, नाहीतर कापल्यावर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा नीट लागत नाहीत. नाकावर इंजिनाचं वजन असताना हे काम अवघड होतं. शिवाय ग्राइंडरचा लोखंडी चुरा कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. तुम्ही १०८९ सीसीचं ते इंजिन स्वतः उघडून जोडलंय. प्रत्येक वायरला चिठ्ठी, बोल्टांच्या वेगळ्या पिशव्या, काढण्याआधीचे फोटो: आमच्याकडच्या पोरांना मी तुमचं काम बोलावून दाखवलं. इतकं नीट केलेलं इंजिन चुऱ्यात बसवायला सांगणं मला जमलं नाही.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. पेट्रोलची टाकी घरी कुणाकडूनही वेल्ड करून घेऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ठिणगीने टाकी फुटते.

मजुरीचं म्हणाल तर खरडणं आणि एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), दोन्ही पावतीवर लिहिलेलं आहे आणि काम सुरू होण्याआधी तुम्ही ते पाहिलं होतं. उघडा पत्रा पावसाळ्यात रातोरात लाल पडतो, म्हणून प्रायमर मारूनच गाडी दिली. पुढे कुणाकडेही काम केलंत तरी ते वाया जाणार नाही.

तुम्हाला मूळचा ड्यूको (थिनरने पातळ करून फवारायचा जुन्या पद्धतीचा रंग) हवा आहे, तो निर्णय योग्यच आहे. पण भर पावसात ड्यूको मारला की थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका होतो.

तुम्ही व्हिंटेज नोंदणीचं विचारलं होतं. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला ती मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मूळ रूप बदलणारे फेरफार चालत नाहीत, आणि रोजच्या वापराला ती गाडी नेता येत नाही. म्हणून पेटीला मूळच्याच घडीचा पत्रा वाकवून घ्यायचा, सपाट पट्टी ठोकायची नाही. कुर्ल्याच्या भंगारात टॅक्सीचे कापलेले तुकडे मिळायचे, पण ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि तेही आटत चालले. मिळाला तरी आतून टोचून बघूनच घ्या. टॅक्सीनेही तेच पावसाळे काढलेत.

ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली. ती मुंबईच्या रस्त्यावर सुरक्षित धावावी, ही माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर घरी एवढं करा: दारांची तळातली भोकं तारेने मोकळी करा, आतलं कार्पेट आणि त्याखालचा फेल्ट काढून टाका, ओला राहिला तर उजवी बाजूही जाईल. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पेट्यांचं काम घेऊ, त्यानंतर रंग. गाडी आणताना चारही दारं बसवूनच आणा, कापायच्या आधी फटींची मापं त्यांच्यावरच घ्यायची आहेत.