डावा कान, उजवा कान

जावयानं सासऱ्यांना 'शू' म्हणायची पद्धत आपल्याकडे नाही. असती, तर मी अणुबॉम्ब करणाऱ्या शास्त्रज्ञावरचा 'ओपनहायमर' हा सिनेमा पाहिला असता. सध्या फक्त ऐकलाय.

जुलै 2023, सकाळचा खेळ. माझ्या डावीकडे अप्पा, म्हणजे सासरे, उभा जन्म शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. उजवीकडे लेक, संध्याकाळी 'बार्बी'चं तिकीट असल्यामुळे सकाळपासूनच नखशिखांत गुलाबी. दोघांच्या मध्ये बसलो ही चूक मात्र माझीच.

अप्पांना पडद्यावरचा प्रत्येक माणूस खरा कोण होता ते पाठ. लेकीला तोच माणूस आधीच्या सिनेमात कोण होता ते. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर काळ्यापांढऱ्यात आला.

"लुईस स्ट्रॉज," डावा कान. "स्ट्रॉस म्हणायचं नाही, स्ट्रॉज."

"आयर्न मॅन केवढा म्हातारा केलाय!" उजवा कान.

तो शेवटी चांगलाच निघणार, या आशेवर तिनं तीन तास काढले.

मॅट डेमन आल्यावर अप्पा खुर्चीत ताठ झाले. "हा बॉम्बच्या प्रकल्पाचा लष्करी प्रमुख, जनरल ग्रोव्ह्ज? खरा याच्या दीडपट होता हो. पेंटागॉनची इमारत त्याच्या देखरेखीखाली झाली. हा तर लष्करी गणवेशातला विमा एजंट वाटतोय." आइन्स्टाईनबद्दल मत त्याहून थोडक्यात, "केस विस्कटले की झाला आइन्स्टाईन!"

मग गीता आणि बिछाना एकाच दृश्यात आले. फ्लोरेन्स प्यूच्या अंगावर आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी कॉम्प्युटरनं काळा झगा चढवलेला. पण एका बाजूला सासरे आणि दुसऱ्या बाजूला मुलगी असली की झगा पुरत नाही. अप्पा पॉपकॉर्नमधला न फुटलेला दाणा तपासू लागले, लेकीला कुणाचा तरी तातडीचा मेसेज आला, मी छताचे दिवे मोजले. म्हणजे कान मोकळे झाले तेव्हा डोळे कामाचे राहिले नाहीत. दृश्य संपल्यावर अप्पा खाकरून म्हणाले, "गीतेतलं 'कालोऽस्मि' म्हणजे 'मी काळ आहे'. याने काळाचा थेट मृत्यू केला." आमची एकमेव अडचण भाषांतराची होती, असंच मीही धरून चाललो.

मध्यंतरात सामोशाच्या रांगेत पुढच्या काकू हळहळत होत्या, "हिरो बघितलास? गालफडं बसलीयेत. त्याला कुणी जेवायला घालत नव्हतं का?" अप्पांना न विचारता सांगायची सवय. "खरा ओपनहायमर उंच होता ताई, आणि बॉम्ब करताना वजन 52 किलोवर आलं होतं." काकूंनी दोनऐवजी चार सामोसे घेतले.

नंतर लेक उसळली. "बाबा, रामी मालेक! ऑस्कर मिळालेला माणूस, आणि नुसता पेन धरून उभा!"

"कशाबद्दल मिळालं?" अप्पा माझ्यावरून ओणवले.

"फ्रेडी मर्क्युरी झाला होता."

"तो मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता, ठाऊक आहे?"

दोन्ही कानांचं पहिल्यांदाच जमलं, आणि माझ्या मांडीवरच्या पॉपकॉर्नवरून पाचगणीची सहल निघाली. तेवढ्या वेळात पडद्यावर कोण कुणावर का चिडलं, ते मला आजही माहीत नाही.

आणि मग अणुबॉम्बची ती पहिली चाचणी. 16 जुलै 1945, पहाट. लखलखाट झाला आणि सगळा आवाज बंद. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं.

"प्रकाश आधी, आवाज मागून," अप्पा म्हणाले. कुजबुजलेच होते बिचारे, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "ओपनहायमर उभा होता 9 किलोमीटरवर. आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर. म्हणजे 27 सेकंद." आणि घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन मोजायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. पुन्हा वळून पाहिलं. "पंचवीस... सव्वीस... आता!"

काहीच झालं नाही. अप्पा घड्याळाकडे पाहत राहिले, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे, जणू दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन माझा मावसभाऊ. "अहो, चुकलाय हा," ते म्हणाले आणि त्याच क्षणी आवाज आला. माझे पॉपकॉर्न त्या टकलावर.

पुढचं धूसर आहे. गॅरी ओल्डमन अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमन होऊन आला तेव्हा उजवीकडून "सिरियस ब्लॅक!" आलं आणि डावीकडून, चक्क, "हा चर्चिल झाला होता ना?" माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

दिवे लागले. टकले गृहस्थ आमच्याकडेच यायला निघाले. कॉलरमध्ये अजून एक पॉपकॉर्न. मी माफीची वाक्यं जुळवली, लेक गुलाबी पर्समागे लपली.

गृहस्थ वाकले आणि अप्पांच्या पाया पडले. "सर, नववी ब. आवाजावरून ओळखलं. पण सर, सत्तावीसला आवाज आला नाही, तेव्हा उत्तर चुकलं की सिनेमा?"

"हवेचं तापमान धरलंस का?" अप्पांनी विचारलं, आणि खिशातून पेन काढलं.

तिकिटाच्या पाठीमागे आकडेमोड सुरू झाली. लेकीचा 'बार्बी' चारला होता, आणि खाली पार्किंगचा चौथा तास लागला होता.