साहेब कुठलाही असो, टिपणी माझीच

आयएएस साहेबांच्या बदल्यांची यादी सकाळीच पेपरात आली होती, त्यामुळे संध्याकाळी फोंड्याच्या वरच्या बाजारात गाड्याजवळ दुसरा विषयच नव्हता. दिलीपने माझं रोस आमलेट यायच्या आधीच सुरुवात केली.

"आपलं मूळ दुखणं म्हणजे आपल्या गोव्याला स्वतंत्र केडर, स्वतःचा असा आयएएस अधिकाऱ्यांचा ताफा, नाही. १९८७ मध्ये घटक राज्य झालो, तरी आयएएस अजून अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांबरोबर सामायिक. ह्या सामायिक केडरचं नाव ॲगमुट! २०२१ पासून जम्मू-काश्मीरही त्यातच. बदल्या कोण करतं? गृहमंत्रालय. आता घटनेचं अखिल भारतीय सेवांवरचं कलम ३१२ बघितलं तर..."

दिलीप दिल्लीला आयएएसचा क्लास करून आलाय. प्रिलिम निघाली नाही, पण बोलतो मसुरीच्या आयएएस अकादमीतून नुकताच उतरल्यासारखा.

"कलम मागाहून. आधी पाव घे," रघू म्हणाला. रघू पायलट आहे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवतो. गिऱ्हाईक दिसलं की चर्चा अर्ध्यावर टाकून किक मारतो.

शांबाबाब निवृत्त हेडक्लार्क. ते चहा संपवल्याशिवाय बोलत नाहीत.

"स्वतंत्र केडर घे. पण बारा तालुक्यांच्या राज्यात तो साहेब जन्मभर फिरवायचा कुठे? पणजीहून मडगावला, मडगावहून पणजीला. कदंबा बसची शटल ती!"

"पण इथलं त्यांना काय कळतं?" मोहन म्हणाला. "गावच्या सामायिक जमिनीची कोमुनिदाद, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार, वारसांच्या वाटणीची इन्व्हेंटरी..."

"शिकतात," शांबाबाब म्हणाले. "एका साहेबाला कोमुनिदाद म्हणजे हाउसिंग सोसायटी वाटलेली. म्हटलं, सर, ही सोसायटी पोर्तुगीज यायच्या आधीची. गडी हुशार, महिनाभर कोमुनिदादचा कायदा घेऊन बसला. सगळं डोक्यात शिरलं आणि आली आयझॉलला बदलीची ऑर्डर."

"म्हणजे मी म्हणतो तेच!" दिलीप उसळला.

"तू म्हणतोस ते नव्हे. साहेब गेला म्हणून काम अडत नाही. फाईलवरची पहिली टिपणी क्लार्क लिहितो. ती सुपरिंटेंडंट, अंडर सेक्रेटरी करत सेक्रेटरीपर्यंत चढते. सही त्याची, वाक्य माझं."

"सरदार पटेलांनी," दिलीप म्हणाला, "१९४९ मध्ये घटना समितीत सांगितलंय, मोकळेपणाने मत मांडणारी अखिल भारतीय सेवा नसेल तर देश एकसंध राहणार नाही."

"मांडतात रे मत. मग वरून 'प्लीज स्पीक' असा शेरा येतो. बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी मत बदलून येतं."

दिलीपने गोवा नागरी सेवेचा मुद्दा काढला, आपलेही अधिकारी बढतीने आयएएस होतात म्हणून. "होतात," शांबाबाब म्हणाले, "केस पांढरे झाल्यावर."

एवढ्यात रघू तापला. त्याच्या सासऱ्याची मुंडकार केस मामलेदाराकडे आहे. कायदा १९७५ चा, मामलेदार दर वेळी नवा. कधी साहेब निवडणुकीच्या कामाला, कधी मंत्र्याच्या दौऱ्याला. प्यून दारातूनच पुढची तारीख सांगतो. तारखा लिहून लिहून फाईलचं कव्हर भरलं, आता त्यावर पुठ्ठा चिकटवलाय. "सेक्रेटरी दिल्लीचा असो की दिवाडीचा, माझ्या सासऱ्याला काय त्याचं? मामलेदार खुर्चीत बसलेला दाखवा." मला तरी सगळ्या संध्याकाळीत हेच पटलं. एकाच माणसाला दंडाधिकारी, महसूल, मतदार यादी आणि पाहुण्यांची सरबराई सांगितली, तर मागे पडते ती मुंडकाराचीच केस.

"माझा रेसिडेन्स दाखला मात्र मामलेदाराने नाही, ह्या शांबाबाबांनी अडवलेला," मोहनने जुनं उकरलं.

"तीन कागदांवर तीन गाव होते तुझे. आधी राहायचं कुठे ते ठरव म्हटलं, तर रागावलास."

"मी आयएएस झालो असतो ना..." दिलीप म्हणाला.

"तर आज अंदमानात असतास आणि आम्ही सुखात," रघू म्हणाला. गाडेवालासुद्धा हसला आणि त्याने हिशेबाची चिठ्ठी पुढे केली. मोहनने ती दिलीपकडे सरकवली, दिलीपने रघूकडे. रघूला नेमकं गिऱ्हाईक दिसलं.

"शेरा मारा आणि वर पाठवा," शांबाबाब माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

पैसे मीच दिले. मोहनकडे मागचेही यायचे आहेत.