सगळं हिरवं आहे

कुंदा मिठाई विकणारी वेबसाइट चालते तेव्हा ती मालकांची असते, बसते तेव्हा माझी. दिवाळी चार दिवसांवर आलेली, रात्री साडेदहाला बेळगावच्या टिळकवाडीत फोन खणाणला. मालक होते.

"काय गा, पुण्यासनं गिऱ्हाईकं फोन करूलेत. कुंद्याची ऑर्डरच जाईना. चक्र नुसतं फिरूलंय म्हणे."

सर्व्हर भाड्याचा. भाडेवाल्यांच्या मदतनीसानं तक्ता बघून सांगितलं, "सर, प्रोसेसरचा वापर फक्त 13 टक्के. सगळं हिरवं आहे." खोटं नव्हतं. आठ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे गडी), त्यातला एक 100 वर आणि सात आडवे पडलेले. सरासरी काढली की तेराच येते.

एनजिनएक्सचा, म्हणजे पानं पुरवणाऱ्या वेब सर्व्हरचा, वर्कर एकच होता, त्याचे आठ केले. ढिम्म. कोअर किती राबतायत ते दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये शून्य नंबरची, म्हणजे पहिल्या कोअरची, पट्टी काठोकाठ लाल, बाकीच्या कोऱ्या. मागून आज्जी डोकावली.

"ह्यो पहिला एकटाच राबूलाय व्हय? बाकीचे काय लग्नाला आल्यात?"

निदान अचूक होतं. इंटरप्ट्सची (कोअरला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या हाकांची) यादी काढली तर नेटवर्क कार्डाच्या ओळीत पहिल्या कोअरखाली दहा आकडी संख्या, पुढे ओळीनं सात शून्यं. कार्डाला रांग एकच, त्यामुळे येणारं डेटाचं प्रत्येक पॅकेट शून्य नंबरचीच कडी वाजवणार. त्यात मालकांनी हौसेनं चढवलेले सहा-सहा एमबीचे कुंद्याचे फोटो. (रवाळपणा दिसायला पाहिजे म्हणे.)

हाका कोअरांत वाटून देणारं आयआरक्यूबॅलन्स चालू केलं. त्यानं सगळं ओझं उचललं आणि तीन नंबरच्या डोक्यावर ठेवलं. खानापूरच्या लग्नात अशी पंगत बघितली होती. आठ वाढपी, जिलबीचं ताट एक. मामा दमले म्हणून ताट काकांकडे गेलं, शेवटच्या पानाला जिलबी तेवढ्याच उशिरा पोचली.

ताट परत शून्याकडे दिलं आणि आलेली पॅकेटं कोअरांत वाटणाऱ्या आरपीएसला हात घातला. ही सोय लिनक्समध्ये 2010 पासून आहे, मला आठवली रात्री दीडला. कडी शून्यानंच काढायची, पण पाहुण्याला आत बसवून पुढचं आदरातिथ्य दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. कुठल्या कोअरांनी राबायचं ते एका आकड्यात सांगायचं: आठही हवे असतील तर 'एफएफ' लिहायचं, शून्याला वगळायचं तर 'एफई'. मी 'एफई' लिहून एंटर मारलं. दोन सेकंदांत सातही पट्ट्या डोळे चोळत उठल्या. मालकांचा फोन आला नाही, म्हणजे ऑर्डरी जाऊ लागल्या.

तीनला आडवा झालो. साडेसहाला डोक्याशी आज्जी, हातात दळणाचा डबा. बाजूला दोन चुलतभाऊ तोंडावर पांघरूण ओढून पडलेले.

"त्यांना उठव की."

"निजूदेत. तू जागाच हाईस न्हवं?"