लिंबच्या विहिरीवरून आठवलं

इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या हाय डाउन या जुन्या रॉकेट चाचणी केंद्रावरचा लेख दोनदा वाचला. 'नुसतं काँक्रीट आहे, जपायचं काय त्यात?' असं त्या लेखाखाली एकांनी विचारलंय, म्हणून लिहितो.

मी साताऱ्याचा, उभा जन्म सेंट्रिंगच्या कामात गेला. आमच्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे. मोटा गेल्या, बैल गेले, पण वर उभं राहिलं की मोटा कुठे चालायच्या ते दगडच सांगतो. हाय डाउनचं तसंच. १९५० च्या दशकात समुद्राकडेच्या कड्यावर हे ठाणं बांधलं. ब्लॅक नाइट आणि ब्लॅक ॲरो रॉकेटं इथे उभी जखडून इंजिन पेटवायचे. इंजिनात हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीच्या मुलाम्याच्या जाळीवर सोडलं की वाफ आणि ऑक्सिजन होतो, त्यात केरोसीन जळतं. तो झोत समुद्राकडे वळवायला खालचं काँक्रीट घडवलेलं. शोभेसाठी काही नाही, प्रत्येक उतार कामाचा. १९७१ मध्ये ब्लॅक ॲरोने ऑस्ट्रेलियातून प्रॉस्पेरो उपग्रह सोडला. ब्लॅक ॲरोचा कार्यक्रम मात्र त्याआधीच रद्द झाला होता!

आता जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, हे बरं झालं. पण खारा वारा वाईट. आतली सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे नुसता गिलावा मारून भागत नाही. सळई उघडी करून, घासून, मगच भरावं लागतं. आणि भरताना काँक्रीटवर उमटलेले सेंट्रिंगच्या जुन्या फळ्यांचे ठसे पुसू नयेत. ती त्या कारागिरांची सही आहे.