टीडीएस राहू द्या, क्लोरीन किती ते सांगा

आमच्या कॉलनीत सध्या आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारी मशीन, विकणारे फिरताहेत. पद्धत ठरलेली. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत वायर जोडलेल्या सळया सोडायच्या. मिनिटाभरात नळाचं पाणी तांबूस-काळपट होतं, वर फेसकट गाळ येतो. मशीनचं पाणी जसंच्या तसं. मग "बघा ताई, हे तुमची पोरं पितात" म्हटलं की लगेच हप्ते ठरतात.

तो गाळ नळाचा नसतो. वीज सोडल्यावर सळईचंच लोखंड सुटून पाण्यात उतरतं. मशीनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तांबडं होतं की नाही बघा.

राग त्या विक्रेत्या पोरांचा नाही. राग याचा आहे की अख्खं शहर चुकीच्या आकड्याकडे बघतंय. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. भारतीय मानक 10500 नुसार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. जिथे टीडीएस 500 च्या आत आहे तिथे आरओची गरज नाही, हे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलंय. पण गटाराचं पाणी मिसळलंय का, कावीळ-टायफॉइडचे जंतू आहेत का, हे टीडीएस मोजणाऱ्या पेनसारख्या मीटरला कधीच कळत नाही. 250 दाखवणारं पाणीही माणसाला दवाखान्यात पोहोचवू शकतं.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खान्देशातल्या ज्याने त्याने आपलं समजून वाचावं. वाघूर असो, गिरणा असो, अक्कलपाडा असो, धरण भरल्याचे फोटो आपण सगळेच टाकतो. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापी चहासारखी होते, तेव्हा तुरटी वाढवावी लागते, तेही खरं. तरी फिल्टर प्लांटमधून बाहेर पडणारं पाणी बहुतेक वेळा बरं असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. आपलं उलट आहे. आडात आहे, पोहऱ्यापर्यंत येताना नासतं.

नासतं ते पाळीमुळे. पाणी रोज नाही, काही दिवसांआड, तेही तासभर. मधले दिवस पाइप रिकामा. हा पाइप गटारीला लागून, कुठे गटारीतूनच गेलेला. भरलेल्या पाइपात दाब असतो, चीर असली तर पाणी बाहेर गळतं. पाइप रिकामा झाला की तीच चीर बाहेरचं आत ओढते. त्यात "नळ उनात" (नळ आले) अशी हाक आली की गल्लीभर टिल्लू मोटारी सुरू. थेट नळाला लावलेली मोटार आपल्या वाट्यापेक्षा जास्त पाणी ओढते, आणि पाणी कमी पडलं की जमिनीतली घाणही. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं पाणी गढूळ आणि वासाचं येतं. वहिनी, मावशी ते अंगणात सोडून देतात, मग हंडा लावतात. नंतरचं पाणी नितळ दिसतं एवढंच, जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत.

1955 च्या डिसेंबरात दिल्लीत काय झालं ते माहीत असायला हवं. नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचलं. क्लोरीन वाढवलं होतं, त्यामुळे टायफॉइड फारसा पसरला नाही. पण कावीळ झालेल्यांचा आकडा सुमारे 29 हजारांवर गेला. तो हेपॅटायटिस ई होता, हे कित्येक वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला तो झाला तर शंभरातल्या 20 ते 25 जणी दगावू शकतात. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. ती हेच नळाचं पाणी पिते. हे लिहिताना माझा हात जड होतो.

आणि साठवण. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, घराघरात पिंपं आणि ड्रम भरलेले. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं म्हणतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. पुढची पाळी कधी हे माहीत नसताना कोणती बाई ड्रम ओतून देईल? तिला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

आरओ आणि थंड पाण्याचे जार हा उपाय ज्यांना परवडतो त्यांचाच, आणि तेवढा काळ ते ओरडायचे थांबतात, हे सगळ्यात वाईट. सील नसलेल्या जारचं पाणी कोण तपासतं ते जारवाल्याला विचारून बघा.

मी ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन या रसायनाची, छोटी बाटली आणली. टेस्ट ट्यूबमध्ये नळाचं पाणी घ्यायचं, काही थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पिवळं होतं, नसेल तर रंग येत नाही. (तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, प्यायचं नाही.) जलकुंभाजवळच्या घरात छान पिवळं झालं. नाल्याकाठच्या शेवटच्या गल्लीत पाण्यासारखं पाणी. त्याच पाळीला, त्याच टाकीचं. नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. ते संपलंय याचा अर्थ वाटेत काहीतरी त्याला खाऊन बसलंय. क्लोरीन असलं म्हणजे सगळं निर्धोक, असं नाही, दिल्लीने ते दाखवलंय. पण शेवटच्या नळाला ते शून्य असेल तर पाइप कुठेतरी फुटला असू शकतो, हा इशारा मिळायला दुसरा इतका स्वस्त मार्ग नाही.

म्हणून मागणी सोपी ठेवू. प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळाचं क्लोरीन दर पाळीला तपासा आणि जलकुंभावर फळ्यावर लिहा. गटारीतून गेलेले पाइप आधी बदला. आणि 24 तास दाबाने पाणी द्यायच्या दिशेने कामाला लागा. हे स्वप्न नाही. मलकापूरने करून दाखवलंय, शेजारचं बुलढाण्याचं नव्हे, कराडजवळचं. ओडिशातल्या पुरीत 2021 पासून थेट नळाचं पाणी प्या म्हणतात. 24 तास पाण्यासाठी नळाला पाणी मोजणारे मीटर लागतात. मला मीटर चालेल, वापरू तेवढे पैसे भरीन, फक्त गरिबाला लागणारं पाणी स्वस्त ठेवा.

तोपर्यंत पाणी उकळा. निदान लहान मुलं, म्हातारी माणसं आणि घरातल्या गरोदर लेकी-सुनांसाठी तरी. मोटार नळाला थेट लावू नका, आधी जमिनीखालच्या टाकीत पाणी घ्या. ज्यांची गल्ली पाइपच्या शेवटी आहे त्यांनी मला कळवा. पाळीच्या दिवशी ओटीची बाटली घेऊन येतो, नोंद करू आणि सगळ्या गल्ल्यांच्या नोंदी एकत्र करून अर्ज देऊ.