बायपासनंतर रक्त नाकारण्याच्या सल्ल्याबाबत खुलासा

बायपासनंतर रक्त चढवलेले रुग्ण अधिक दगावतात, म्हणून नातेवाइकांनी रक्त नाकारावे, असा संदेश सध्या नागपुरात फिरत आहे. पहिले विधान काही निरीक्षणांतून आले आहे खरे. परंतु मुळात अशक्त, वयस्क किंवा जास्त रक्तस्राव झालेल्या रुग्णांनाच रक्त अधिक लागते, हे संदेशात (सोयीस्करपणे) वगळले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रिक्स-३’ या सुमारे ५,००० हृदयरुग्णांच्या चाचणीत एका गटाला हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच, तर दुसऱ्याला अतिदक्षता विभागात ते ९.५ च्या खाली जाताच रक्त दिले गेले, आणि मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व मूत्रपिंड निकामी होणे यांच्या एकत्रित प्रमाणात पहिला गट वाईट ठरला नाही. मात्र रक्त त्या गटातही गरजेनुसार दिलेच गेले होते. तीव्र रक्तस्रावात ते नाकारणे जिवावर बेतू शकते.